नदीची मधली रेघ

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जायचा हुकूम आला तेव्हा मी नायब सुभेदार होतो आणि कर्जत तालुक्यात, घरी, रजेवर होतो. वडिलांनी विचारलं, "सरहद्द कुठली?"

"आपली न्हाई, दादा. दुसऱ्यांची."

ते म्हणाले, "मंग तितं तू कुनाला राखनार?"

मी बूट पुसायला घेतले.

आफ्रिकेतल्या त्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून त्याच जागी राहतात. एक रुंद, गढूळ नदी होती. पलीकडच्या देशात लढाई चालू होती आणि अलीकडच्या देशाने पळून आलेल्यांना आसरा दिला होता. काठावर निर्वासितांची छावणी. तंबू एका देशाचे, धान्य दुसऱ्याचं, दवाखान्यात बांगलादेशी डॉक्टर, नदीत घानाच्या बोटी आणि पहाऱ्याला आम्ही. सगळ्यांच्या डोक्यावर निळं हेल्मेट. हुकूम मात्र प्रत्येकाला आपापल्या राजधानीतून यायचा.

जमीन आणि पाणी तिथल्या गावाचं होतं. गावचा म्हातारा मुखिया एकदा दुभाष्याला घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "बाकीचे देश सामान पाठवतात. माणसं आमच्याकडे राहतात. आमची विहीर तळाला गेली."

मला ते लगेच समजलं. दुष्काळात आमच्या गावाशेजारी चारा छावणी पडली होती. शेजारच्या तालुक्यातली जनावरंही तिथे आली. चारा बाहेरून आला, पण छावणी ज्या गावात, त्या गावाचा हंडा आधी रिकामा होतो. मी कंपनी कमांडर मेजर नेगींना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमचा पाण्याचा टँकर आधी गावात आणि मग छावणीत जाऊ लागला. मुखिया रोज टँकरपाशी येऊन उभा राहायचा.

माझ्या प्लाटूनमध्ये लान्स नायक दत्तू खंडागळे होता. गाव बेलापूर. प्रवरेत पोहत वाढलेला गडी. घानाच्या बोटीवरचा कॉर्पोरल क्वेसी त्याचा दोस्त. दोघांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण गप्पा कधी थांबत नसत. क्वेसी आम्हाला पाहिलं की लांबूनच ओरडायचा, "राम राम, पावनं!" हे त्याला दत्तूनेच शिकवलेलं.

काम रोजचं होतं. पहाटे गस्त, दिवसभर नदीच्या घाटावर पहारा, संध्याकाळी रिपोर्ट. पलीकडून माणसं तराफ्यावर येत. आम्ही त्यांना उतरवून घ्यायचो आणि दवाखान्यात पोचवायचो. पण नदीच्या मध्यापर्यंतच आमची हद्द. मधल्या रेघेपलीकडे बंदूक घेऊन जायची आम्हाला मनाई होती. घानावाल्यांना पलीकडे बोट न्यायची परवानगी होती, पण सशस्त्र संरक्षणाशिवाय नाही. बोट त्यांच्याकडे, बंदूक आमच्याकडे. आणि पलीकडच्या काठावरचा माणूस कुणाच्याच वाट्याला आलेला नव्हता.

पुराचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमाराला पलीकडून गोळीबार ऐकू आला. थोड्याच वेळात झाडीतून माणसं धावत काठावर आली. बहुतेक बायका, लेकरं, म्हातारी. तराफा आदल्या दिवशीच वाहून गेला होता. काही जण तसेच पाण्यात उतरले आणि दिसेनासे झाले.

मेजरसाहेबांनी वरच्या मुख्यालयाला, म्हणजे सेक्टरला, रेडिओ लावला; चार्ली ही आमची कंपनी.

"सेक्टर, धिस इज चार्ली. पलीकडे सिव्हिलियन अडकलेत. बोट आणि एस्कॉर्ट पाठवायची परवानगी हवी. ओव्हर."

"चार्ली, सेक्टर. थांबा. विचारून कळवतो."

आम्ही थांबलो. साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. गोळीबार जवळ येत होता. क्वेसीने बोटीचं इंजिन चालू केलं होतं. तो आमच्याकडे बघत होता.

साहेब पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. फौजेच्या रिवाजाप्रमाणे मला साब म्हणत ते म्हणाले, "साब, पूर आलाय. मधली रेघ कुठाय, मला दिसत नाही. तुम्हाला दिसते?"

"नाही, साहेब."

"मग जा."

एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, आमच्या काठावरून कव्हर द्यायला लावली. बोटीत क्वेसी, मी आणि दत्तू. पहिल्या खेपेला लेकरं आणि त्यांच्या आया आणल्या. दुसऱ्या खेपेला म्हातारी माणसं. तिसऱ्या खेपेला काठावर उरलेले सगळेच बोटीवर तुटून पडले. बोट कडेपर्यंत बुडाली. एक बाई, पाठीला तान्हं बांधलेलं, कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिला घ्यायला जागा नव्हती.

दत्तूने रायफल माझ्या हातात दिली. हेल्मेट, जॅकेट काढलं आणि पाण्यात उतरला.

"दत्तू, वर ये!"

"साहेब, तिला घ्या. म्या दोर धरून येतो. लई मोटी न्हाई नदी."

त्याने बाईला उचलून माझ्याकडे दिलं आणि बोटीचा दोर धरला. क्वेसीने बोट वळवली. आम्ही नदीच्या मध्यावर आलो असू, तेव्हा मागच्या काठावर बंदूकवाले दिसले. पाण्यात गोळ्या पडू लागल्या. आमच्या एलएमजीने उत्तर दिलं आणि ते झाडीत हटले. सगळं मिनिटभरात आटोपलं.

दोर सैल झाला होता.

क्वेसीला कुणी हुकूम दिला नाही. त्याने बोट फिरवली. मी वाकून पाण्यात दोन्ही हात घातले आणि दत्तूची कॉलर धरली. त्या बाईने दुसऱ्या बाजूने त्याचा हात धरला. काठाला लागेपर्यंत तिने तो सोडला नाही.

बांगलादेशी डॉक्टरीण बाई घाटावरच थांबल्या होत्या. त्यांनी खूप वेळ प्रयत्न केले. मग त्या तिथेच चिखलात बसल्या. रेडिओवर सेक्टरचं उत्तर त्यानंतर आलं. परवानगी मिळाली होती.

पुढे चौकशी झाली. मेजरसाहेबांना विचारलं, हद्द ओलांडली का? ते म्हणाले, "हो. हुकूम माझा होता." पूर आणि रेघ यातलं ते काही बोलले नाहीत. मग राजधान्यांची आपसात बोलणी झाली आणि बोटी आणि एस्कॉर्ट एका कमांडखाली आले. पलीकडचा काठही हद्दीत धरला. त्यानंतर आमची कंपनी असेपर्यंत त्या काठावर कुणी अडकून राहिलं नाही. एवढं आधी झालं असतं तर, असं मनात येतं. जास्त काही म्हणत नाही.

दत्तूची पेटी हेलिपॅडवर नेताना सहा जणांनी खांदा दिला. दोघे आमचे, दोघे घानाचे, दोघे बांगलादेशी. वाटेच्या दोन्ही बाजूंना छावणीतल्या बायका जमिनीवर बसल्या होत्या. मुखिया गावची माणसं घेऊन आला होता. ती पाठीला तान्हं बांधलेली बाई पेटीमागून शेवटपर्यंत चालत आली.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं, पण मी परतलो तेव्हा ते राहिले नव्हते.

आल्यावर मी बेलापूरला गेलो. दत्तूच्या आई ओसरीवर होत्या. मी सगळं सांगितलं. बाईचं, तान्ह्याचं, दोराचं. चहा झाला. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं,

"पानी लई गार हुतं का वो? ल्हानपनापासून त्याला गार पानी सोसायचं न्हाई."

"नाही, आई," मी म्हणालो. "कोमट होतं. मी स्वतः हात घातला होता."

त्यांनी मान हलवली आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या.