चहापुरता उपास

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोरीला न्हाई. तुमी तिऱ्हाईत, म्हणून तोंड उघडतंय असं समजा.

आमच्या शिरोळकडच्या गावात बायकांचे बचत गट नवे नवे निघालते, तवाची गोष्ट. गटाची अध्यक्ष मी. घरचा ऊस, दारात ट्रॅक्टर, शिक्षण धावी — म्हटल्यावर दुसरं कोण व्हणार? गटात समद्या तऱ्हेच्या बायका. कुणाची बागायत, कुणाची चहाची टपरी, कुणी दुसऱ्याच्या रानात रोजानं तण काढाय, भांगलायला जाणारी. रत्ना त्यातलीच. बौद्ध वस्तीतली. आमच्या उसात बी तिनं कितीदा भांगललेलं. गटातनं कर्ज काढून पोरीला शिलाई मशीन घ्यायचं, एवढंच तिच्या मनात. पोरीनं तरी रानात वाकू नये म्हणायची. आन मी बैठकीत भाषण ठोकायचं — गटात लहान-मोठं कुणी न्हाई, आपण समद्या बहिणी. बोलायला काय जातंय?

रिवाज असा की, दर महिन्याची बैठक पाळीपाळीनं एकेकीच्या घरात. जिची पाळी, तिचा चहा. फिरत फिरत रत्नाची पाळी आली. तिनं घर सारवलं, शेजारणीकडनं कपबश्या मागून आणल्या, असं कळलं. सासूबाई काय म्हणतील? भावकी काय म्हणंल? — न्हाई, आता तरी खोटं नको. सासू, भावकी ही नुसती नावं. मलाच तिथला चहा नको व्हता.

मग निरोप धाडला. बँकेचं साहेब येणार हाईत, बैठक देवळाच्या मंडपात. कसलं साहेब आन कसलं काय! वाटलं, सुटलो बाई.

रत्ना आली. एका हातात किटली, काखेत कपबश्यांची बुट्टी. साहेबांची चहाची पंचाईत नको म्हणून चहा हितंच आणला म्हणाली. पयला कप तिनं माझ्यापुढं धरला, अध्यक्ष म्हणून. समद्या बायका माझ्या तोंडाकडं बघाय लागल्या.

मी म्हटलं, "आज माझा उपास हाय."

तिचा हात तसाच. मग हळू आवाजात बोलली, "उपासाला चहा चालतो की, वैनी."

मी पदर सारखा केला आन बैठक सुरू करा म्हटलं. मग शेजारचीचा उपास निघाला, तिच्या शेजारचीचा निघाला. सकाळी माझ्यासमोर भाकरी खाल्लेली एक व्हती — तिचा बी निघाला. रत्नानं कपातला चहा परत किटलीत ओतला. बैठक संपस्तवर बसली. पुढच्या महिन्यापासनं आली न्हाई.

तिची पोरगी पुढं आईसंगं भांगलायला जाऊ लागली. आमच्या बी रानात. मी बांधावर उभं राहून बघितलंय, हाक कधी मारली न्हाई.

मी एक घोट घेतला असता तर समद्यांनी घेतला असता. हे मला तवा, तिथं बसल्या जागी, ठाऊक व्हतं.