थोरलीचं फूल, धाकटीची सुई

थोरलीच्या हातात चित्रकला होती. बांधावरचं रानफूल ती एकदाच बघायची आणि कागदावर ते वाऱ्यासकट उतरायचं. धाकटीला साधी वेल काढता येत नसे. तिच्याकडे भरतकामाचं एक जुनं मशीन मात्र होतं, आणि दिलेलं कुठलंही चित्र ते मुकाट्याने भरायचं. एकाच घरात, मधल्या भिंतीच्या अल्याड-पल्याड या दोन जावा राहायच्या. पलीकडे खटखट सुरू झाली की अलीकडे थोरलीच्या कपाळावर आठी चढायची.

म्हणून तिने नवं मशीन घेतलं. दहा सुया, वर आरशासारखी स्क्रीन. काही दिवस तेही तिची फुलं भरत राहिलं. पण धाकटीला दिपवायचं राहिलंच होतं.

"इंटरनेट जोडलं की कंपनी दर महिन्याला नवी फुलं धाडते," थोरलीने तिला बोलावून ऐकवलं. "तुझ्या खटाऱ्याला जमेल?"

"माझ्या खटाऱ्याला पेनड्राइव्ह कळतो तेच खूप आहे, ताई," धाकटी हसली.

ते हसू थोरलीला सललं. धाकटीच्या देखत तिने मशीन इंटरनेटला जोडलं. स्क्रीनवर लांबलचक मजकूर आला. जावेसमोर कोण वाचत बसणार? मान उंच ठेवून तिने 'मान्य' दाबलं.

थोरलीच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं. लेकीच्या शालीसाठी थोरलीने आयुष्यातलं सर्वांत देखणं फूल काढलं होतं. लेकीने ते कॉम्प्युटरवर घेऊन पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. मशीन हललं नाही. स्क्रीनवर अक्षरं उमटली: फक्त कंपनीचं डिझाइन चालेल.

तिने कंपनीला फोन लावला.

"बाहेरच्या डिझाइनने सुया मोडतात, बाई, आणि लोक आम्हाला बोलतात," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मोडली तर माझी सुई मोडेल! मशीन मी विकत घेतलंय, का तुम्ही सांभाळायला दिलंय?"

"नव्या नियमांना तुम्हीच 'मान्य' म्हणालात."

नवरा खुर्चीतून म्हणाला, "जातं विकणारा कधी दळणात बोट घालायला येत नाही. तू मात्र नाकापेक्षा मोती जड आणलास."

"तुम्ही गप्प बसा!"

पाच दिवस ती हाताने भरत बसली. वीतभर काठ झाला. सहाव्या दिवशी शाल आणि पेनड्राइव्ह पदराखाली झाकून ती भिंतीपलीकडे गेली. धाकटीने पेनड्राइव्ह मशीनला लावला. "रंग कोणता घालू, ताई?" एवढंच म्हणाली. मध्येच तिची एक सुई खरंच मोडली. तिने डब्यातून दुसरी काढून बसवली आणि फूल पुढे उमलत गेलं. स्वतःचं फूल दुसरीच्या सुईतून उमलताना बघणं किती जड असतं, हे थोरलीला मशीनशेजारच्या स्टुलावर बसून कळलं.

लग्नात बायकांनी शालीभोवती कडं केलं. "कुणी भरली गं?"

थोरली तोंड उघडणार, तोच धाकटी म्हणाली, "फूल ताईंचं. मी नुसती बटणं दाबली."

हिने थोडी तरी फुशारकी मारायची होती. मनसोक्त राग तरी धरता आला असता. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

पाहुणे गेल्यावर थोरलीने नवं फूल काढलं. बारीक, गुंतागुंतीचं, चांगल्या चांगल्या सुया मोडाव्यात असं. मग 'आता बघू तुझ्या खटाऱ्याला जमतं का' म्हणत ते घेऊन ती भिंतीपलीकडे गेली.