विचारायच्या आधी

आमच्या साडूभाऊंइतका बोलून हैराण करणारा, आणि तरीही गिऱ्हाइकांनी डोक्यावर घेतलेला कारागीर अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भोकरदनला त्यांचं जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची, पिठाच्या गिरणीची, कुठलीही मोटर त्या दुकानात गेली, की तिच्या मालकाची शांतता संपली म्हणून समजा. या धंद्यातले बाकीचे लोक 'उद्या या' एवढ्यावर महिना काढतात. साडूभाऊ मात्र मोटर खोलण्याआधी फोन करून 'आता खोलून राह्यलो' सांगणार, खोलल्यावर आत काय जळालं ते सांगणार, आणि तांब्याची तार आली नसली तर आली नाही हेही सांगणार. मालक मांडवात असो, दवाखान्यात असो, नाहीतर अंगाला साबण लावून बसलेला असो. मी घरची बोअरची मोटर त्यांच्याकडे एकदाच दिली, तर सातवीला अपूर्णांक शिकवता शिकवता एका तासात चार फोन आले. चौथ्या फोनला मुख्याध्यापक दारात उभे होते. मी चिडून दुकानात जाऊन साडूभाऊंना जाब विचारला, तर म्हणाले, "सर, गिऱ्हाइकावर इचारायची पाळी आली, की निम्मं गिऱ्हाईक गेलं समजा."

बरं, हे बोलणंही एका जागी बसून नाही. फोन कानाला लागला, की त्यांच्या पायांना जोर चढतो. दुकानातून रस्त्यावर, रस्त्यावरून चहाच्या टपरीपर्यंत, तिथून परत. बघणाऱ्यालाच धाप लागावी. आणि सांगून झालं, की पलीकडच्यानं 'बरं' म्हणायच्या आत फोन बंद! माझ्या बायकोनं एकदा मेव्हण्याचं लग्न जमल्याची बातमी द्यायला फोन केला. तिला त्यांनी कुणाच्या तरी पंपाच्या बेरिंगची सगळी हकीकत ऐकवली आणि ठेवून दिला. 'आपल्या दाजींना भारी शिष्टपणा आलाय,' असं ती पुढं कितीतरी दिवस म्हणत होती. मलाही तसंच वाटत होतं. शिवाय त्यांची ती दुसरी खोड. इतर कारागीर पेचकसाचं एक टोक चालत्या मोटरला आणि दुसरं कानाला लावून बेरिंग कसं बोलतंय ते ऐकतात. हे मात्र डोळे मिटून मोटरवर तळहात ठेवून उभे. म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मी हसून विचारलं, "काय, नवस बोलताय का?" तर नुसतेच हसले.

एका रविवारी मी दुकानात बसलो होतो. सकाळी त्यांच्या खिशात फोन थरथरला. नाव बघून त्यांनी उचलला आणि लगेच टपरीच्या दिशेनं निघाले. "पाटील, तार भरून राह्यलो. सांजच्याला घिऊन जा, बिलकुल बराबर करून ठिवतो." फोन बंद. मग दिवसभर मान खाली घालून त्यांनी ती मोटर भरली. संध्याकाळी पाटील आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. "अहो, मोटर भरू नका म्हनून सकाळी फोनवर दोनदा वरडून सांगितलं व्हतं! पोरानं नवी आनली." साडूभाऊ "मंग चूक माझी," एवढंच बोलले. पाटील बडबडत गेले, आणि माझा तोल सुटला. "दुसऱ्याचे दोन शब्द ऐकून घ्यायला तुमचं काय जातं हो?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

"ऐकू येत न्हाई, सर," ते म्हणाले. उजवा कान पार गेलेला, डावा अर्धा, आणि फोनवर तर सगळी नुसती खरखर. दोन वर्षं झाली होती. घरात बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. यंत्र लावा म्हटलं, तर म्हणाले, "यंत्र दिसतं ना! ज्याला मोटरीचा आवाज ऐकू येत न्हाई, त्याच्याकडं मोटर कोन देईन?" मला त्या तळहाताची चेष्टा आठवली आणि स्वतःची लाज वाटली. तरी मी मास्तरच. त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणालो, "गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगायचं, हे तुमचंच ना?" यावर ते फोन नसतानाही टपरीपर्यंत जाऊन आले.

आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आपण नको तिथं तोंड घातलं असं वाटत राहिलं. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "सर, उजवा कान गेलेला हाये, डावा अर्धा हाये. मोटर हातानं तपासतो, आजवर एक बी वापस आली न्हाई. काही सांगायचं असलं तर दुकानात या, न्हाईतर लिहून पाठवा. अकरा गिऱ्हाइकांना सांगितलं. दोघं मोटर घिऊन गेले, नऊ मोटरी हायेत. तुमची बी एकदा भरली व्हती, म्हनून तुम्हाला सांगून राह्यलो."

आणि फोन बंद झाला नाही. मागं एक मोटर चालत होती, तिची घरघर मला स्वच्छ ऐकू येत होती. मी "बरं" म्हणालो. मग जरा मोठ्यानं म्हणालो. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचवायचं कसं, हे मला समजत नव्हतं.