झग्याचं शेवटचं ठिगळ

माझे बाबा रफूगर होते. शालीला पडलेलं भोक ते असं बुजवायचे, की गिऱ्हाईक शाल उजेडात धरून विचारायचं, "भोक होतं कुठे?"
"ते मी ठेवून घेतलं," बाबा म्हणायचे.

साठी उलटली आणि त्यांचे हात थरथरू लागले. आधी सुई ओवता येईना, मग कप बशीत वाजायला लागला. एक दिवस सुयांचा डबा त्यांनी आईपुढे सरकवला आणि खिडकीपाशी जाऊन बसले ते बसलेच. आई तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकलेली. दुकान तिनं चालवलं. बाबा मात्र तिच्या कामाकडे मान वळवूनही बघायचे नाहीत.

अशी चार वर्षं गेली. मग खानकाहतून, म्हणजे सूफी फकिरांच्या मठातून, निरोप आला. त्यांचा पंथ ज्यांनी सुरू केला, त्या संतांचा लोकरी झगा तिथे जपून ठेवला होता. त्याच्या बाहीला कसर लागली होती.

"रंग जुळवायला तुमचे डोळे हवेत," आई बाबांना म्हणाली. "हात नकोत." मी माहेरी आले होते, आम्ही दोघींनी त्यांना बळेच नेलं.

तिथले पीर, म्हणजे मठाचे प्रमुख, ऐंशीच्या घरातले. त्यांनी झगा आमच्यापुढे उलगडला. ठिगळावर ठिगळ! त्यातलं छातीवरचं एक तर फारच वेडंवाकडं, टाके बोट बोट लांब. आईचे हात शिवशिवले.

"हे उसवून नीट करून देते. असं काम आमच्याकडून गेलं असतं तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकलं असतं."

पीर हसले. "बाई, ते खुद्द त्या संतांनीच लावलंय. शिवायची त्यांची बायको. ती तापानं फणफणली, तेव्हा तिच्या उशाशी बसून त्यांनी जन्मात पहिल्यांदा सुई धरली. शिष्य म्हणाले, द्या, आम्ही लावतो. तर म्हणाले, राहू दे, ती डोळे उघडेल तेव्हा तिला हसायला काहीतरी हवं."

"मग हसल्या का?" आईनं विचारलं.

"पोट धरून हसल्या, असं सांगतात. म्हणून या झग्याला रफू चालत नाही. ठिगळच लावायचं, आणि ते दिसायला हवं."

आईनं लोकरीचा तुकडा कापला, सुई ओवली आणि सगळं बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"वेड लागलंय का तुला? हात बघ माझे."

"चार वर्षं तेच बघतेय."

बाबांनी ओशाळून पीरांकडे पाहिलं.

"आम्हाला घाई नाही," पीर म्हणाले. "झगा इतकी शतकं टिकलाय, संध्याकाळपर्यंत टिकेल."

सगळी दुपार गेली. आईनं कापड ताणून धरलं, त्यांच्या हाताला मात्र हात लावला नाही. सुई दोनदा बोटात घुसली. कपाळावरचा घाम बाबा खांद्याला पुसत होते. एक टाका दुसऱ्यासारखा येत नव्हता. शेवटची गाठ मारून त्यांनी ठिगळावर तळवा ठेवला. आईनं तो हळूच बाजूला केला, पाहिलं आणि खुदकन हसली. हसता हसताच तिला रडू फुटलं. बाबाही हसायला लागले.

पीरांनी बाही उचलून डोळ्यांना लावली आणि झगा घडी करून आत नेला.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात येऊन बसले. रफू त्यांना पुन्हा कधी जमलं नाही. पोती, उशा, मुलांची दप्तरं असलं जाडंभरडं काम ते घ्यायचे. आणखी सहा वर्षं ते होते. मधूनच आईच्या हातातलं काम ओढून घेऊन म्हणायचे, "धागा फार ताणलास. उसव."

"तुमच्या त्या दप्तराकडे बघा आधी," आई म्हणायची, आणि मुकाट्यानं उसवायला घ्यायची.