राघूपुढं वाईट कोण व्हायचं

आमच्या घरात माणसांपेक्षा पोपटाची मर्जी जास्त सांभाळली जाते, आणि त्यात आत्यांचा हात कुणी धरणार नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं पालमला सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची रीत आहे. पोपटाला मात्र राघू म्हणायचं. पोपट म्हटलेलं आत्यांना खपत नाही.

राघू वादळात चिंचेच्या ढोलीतून पडला, तेव्हा त्याच्या अंगावर पीस नव्हतं. आत्यांनी भिजवलेल्या डाळीचं वाटण बोटानं चारून त्याला जगवलं. तेव्हापासून घर त्या दोघांचं आणि आम्ही बाकीचे तिथं भाड्यानं राहतो. मी नवी नवरी म्हणून कौतुकानं त्याला पेरूची फोड द्यायला गेले, तर त्यानं फोड सोडून माझा अंगठा धरला. "त्याला तुझ्या हाताची सवय न्हाई ना अजून," आत्या म्हणाल्या. मग माझ्या अंगठ्याला त्याच्या चोचीची होती काय सवय? पण नव्या सुनेनं बोलायचं नसतं म्हणून गप्प बसले. नंतर कधी गप्प बसले नाही, ते सोडा.

यंदा उन्हाळ्यात राघूच्या पंखाखाली गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी होती, बघता बघता बोराएवढी झाली. आत्यांचं अन्न तुटलं. मी शिक्षिका, त्यामुळं मला सुट्टी होती. आमच्या ह्यांची नोकरी नांदेडला, घरी येणार ते शनिवारी. मामांना रक्ताचं नाव काढलं तरी भोवळ येते. मग पिंजरा घेऊन परभणीला जनावरांच्या दवाखान्यात आम्ही दोघीच गेलो. आत ऑपरेशन चाललेलं असताना बाहेरच्या बाकावर आत्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगड्यांचे वळ उठले. गाठ निघाली, टाके पडले. टाके चोचीनं उपटू नयेत म्हणून एक्स-रेची जुनी फिल्म गोल कापून त्याच्या गळ्यात अडकवली. मुंडावळ्या टोचणाऱ्या नवरदेवासारखं राघूचं तोंड झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. सकाळ-संध्याकाळ टॉवेलात गुंडाळून धरायचं. छाती दाबायची नाही, पाखरू छाती हलवूनच श्वास घेतं. सलाइनच्या पाण्यात कापूस बुडवून जखम हळूच पुसायची, औषध चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडायचं. तेल नाही, हळद नाही, शेजारणींचा सल्ला नाही. आणि जाता जाता हसत म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा हं. जो धरील त्याच्यावर हा रुसणार. पोपट लय दिवस राग धरतात."

आत्यांचा चेहरा उतरला. एसटीत त्या मांडीवर पिंजरा घेऊन बसल्या. ताडकळसला बस थांबली तशा माझ्याकडं वळल्या.

"तुझ्यावर तर त्याचा राग हायच की. अजून थोडा वाढला तर काय बिघडायलंय?"

घ्या! म्हणजे चावून घ्यायला मी, आणि लाड करायला ह्या. पण त्या इतक्या काकुळतीनं बघत होत्या की मला हसूच आलं. हो म्हणाले.

मग आमच्या घरात रोज दोन वेळा नाटक सुरू झालं. मी टॉवेल घेऊन पिंजऱ्याकडं निघाले की आत्या स्वयंपाकघरात लपायच्या आणि मामा परसात पळायचे. राघू घर डोक्यावर घ्यायचा. मी एका हातानं त्याला छातीशी धरून दुसऱ्या हातानं पुसायची, औषध पाजायची, आणि तेवढ्यात दोन-चार चावे खायची. त्याला पिंजऱ्यात सोडलं रे सोडलं की आत्यांचा प्रवेश. हातात हिरवी मिरची.

"कोण छळायलंय माझ्या लेकराला? कैदाशीण मेली! लाज न्हाई वाटत? थांब राजा, हिला आज घरातूनच हाकलते मी!"

राघू मान तिरकी करून ऐकायचा आणि मिरची घ्यायचा. आत्या मला खुणेनं स्वयंपाकघरात न्यायच्या, दार लोटायच्या आणि जास्तीचं आलं घातलेला चहा पुढं करायच्या. "लय लागलं का गं?" असं विचारत माझ्या बोटाला मलम लावायच्या. "मी बोलते ते मनावर घिऊ नकोस. त्याला वाटलं पायजे." मी म्हणायची, आत्या, कैदाशीण म्हणताना तुमचा आवाज जरा जास्तच खरा लागतो. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

राघूला पटत होतंच, पण गल्लीलाही पटायला लागलं. एक दिवस शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं आल्या, मला अंगणात कोपऱ्यात घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "किती सोसशील बाई? रोज ऐकायलोत आमी. माहेरी फोन कर. न्हाईतर आमचे हे बोलतील तुज्या सासऱ्याशी." मागून आत्या आल्या. त्यांनी काकूंचा दंड धरून त्यांना पार फाटकापर्यंत नेलं आणि कानात कुजबुजून सगळा प्रकार सांगितला. कुजबुजून का, तर राघूला ऐकू जाऊ नये म्हणून. काकूंचा विश्वास बसला नाही. मी काकूंना मान हलवून हो म्हटलं, तर त्यांना वाटलं, पोरगी सासूच्या भीतीनं मान हलवते आहे.

असं चाललं होतं तोवर बरं होतं. एका सकाळी राघूनं माझं उजव्या हाताचं बोट असं फोडलं की दवाखान्यात जाऊन पट्टी बांधून घ्यावी लागली. बोट मिटेना. आणि त्याच दिवशी दुपारी जखमेची एक कड लाल झालेली, ओलसर दिसली. फोटो काढून परभणीला पाठवला. लगेच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एकही वेळ चुकवू नका म्हणाल्या. टाके उसवले तर पुन्हा शिवायला तिथं कातडीच उरलेली नाही, मग त्यांच्याच्यानंही काही होणार नाही, असं त्यांनी बजावलं.

फोन स्पीकरवर होता. आत्यांनी ऐकलं.

पुसायला माझा डावा हात चालला असता. पण धरायला दुसरा धड हात हवा होता. मामा केव्हाच परसात गेले होते. काकूंना हाक मारू का, असं मी विचारलं, तर आत्या म्हणाल्या, "ती? ती छाती दाबल त्याची." मग टॉवेल हातात घेऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला नको गं म्हणू." मी काहीच म्हटलं नव्हतं.

त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. गाडीवर जाताना मी तोंडाला बांधते तो स्कार्फ त्यांनी डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता आणि वर मामांचा चष्मा. "त्याला कळायचं न्हाई," त्या स्कार्फातून म्हणाल्या. "बोलायचं ते तूच बोल. मी आवाज काढत न्हाई." मला हसायचं होतं, पण त्या टॉवेल झटकून पिंजऱ्याकडं निघाल्याही होत्या.

त्यांनी धरलं. काय सुंदर धरलं! इतके दिवस मी झटापट करत होते, त्यांनी एका हालचालीत त्याला टॉवेलात घेतलं, छाती मोकळी ठेवली. मी पुसायला लागले तसा राघू जीव खाऊन ओरडायला लागला. लाल कडेला कापूस लागला आणि त्यानं अशी किंकाळी फोडली की आत्यांना राहवलं नाही.

"झालं रे राजा, झालं झालं."

राघू एकदम गप्प झाला. त्यानं मान वळवून त्या चष्म्याकडं पाहिलं. आणि मग त्यानं आत्यांच्या हाताला, अंगठा आणि बोटाच्या मधल्या मऊ जागेला कडकडून चावा घेतला. सोडेचना. "आत्या, ठेवा खाली," मी म्हणाले.

"न्हाई सोडत. तू पूस."

मी पुसलं. त्यांच्या हाताचं रक्त टॉवेलावर आलं, पण पकड तसूभर हलली नाही. स्कार्फ डोळ्यांखाली भिजला होता. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्या बाईचा मला राग आला, कंटाळा आला, हसू आलं. माया पहिल्यांदा त्या संध्याकाळी दाटून आली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्कार्फ बांधला नाही. "आता तोंड लपवून काय करू? बघितलंय त्यानं." नाटकही बंद पडलं, मला शिव्या देणारं कुणी उरलं नाही. सकाळ-संध्याकाळ त्याच धरायच्या, मी पुसायची. राघूनं त्यांच्या हातची मिरची घेणं सोडलं. त्या समोर आल्या की हा पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करायचा. आत्या मिरची वाटीत ठेवून बाजूला व्हायच्या, मग तो खायचा. पण जखमेची लाली हटली, कड सुकली, खपली धरली.

टाके काढून परभणीहून आलो त्या दिवशी गळ्यातली फिल्मही निघाली. आत्यांनी ओसरीवर बसून पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात पुढं केला. राघू दारात आला. त्यांच्या हाताकडं पाहिलं. आणि चक्क त्याला वळसा घालून तुरुतुरु चालत खुर्चीत पेपर वाचणाऱ्या मामांच्या मांडीवर, तिथून खांद्यावर चढला. रोज परसात पळून जाणारे मामा! "बघा, माणूस ओळखतंय पाखरू," म्हणून वर मिशीत हसले.

माझं डोकंच फिरलं. अरे निमकहरामा, म्हणून मी उठलेच होते. आता ह्या रडणार, असं वाटून मी आत्यांकडं पाहिलं, तर पुढं केलेला हात तसाच ठेवून त्या खांद्यावर बसलेल्या राघूकडं टक लावून बघत होत्या.

"अगं, बघितलंस का?" त्या म्हणाल्या. "चढताना पंख पुरा उघडला त्यानं. जरा बी ओढला न्हाई."