मशीनजवळच्या स्टुलावरचे नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात दोरा होता आणि समोर खुर्चीत बसलेल्या बाईची एकच भुवई करून झाली होती. फोन धुळ्याहून, नणंदेचा. "वहिनी, नाना गेले… चहा पिता पिता," एवढंच बोलली आणि पुढे नुसतं रडू. सकाळचे साडेदहा वाजले असतील. ती बाई बिचारी एका भुवईनिशी उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. आमचे हे गाडी काढून दारात हॉर्न वाजवत होते. आणि मी? मी टॉवेल वाळवायच्या मशीनसमोर उभी होते. मशीन चालू ठेवून घराला कुलूप लावायचं नाही, आणि बंद केलं तरी आतले टॉवेल गरम गरम तसेच गच्च सोडून जायचं नाही, ही नानांची ताकीद. म्हणून मी मशीन बंद केलं, टॉवेल काढून खुर्च्यांवर मोकळे पसरले, जाळी पुसली, प्लग काढला आणि मगच गाडीत बसले. दहा मिनिटं गेली असतील. त्या दहा मिनिटांची चर्चा भाऊबंदांत अजून चालू आहे. सासरा गेला आणि सून टॉवेल झटकत बसली म्हणे! बोलोत बापडे. ज्यांच्यासाठी थांबले, त्यांनी मला शाबासकीच दिली असती.

नाना म्हणजे माझे सासरे. सगळी हयात त्यांनी धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं त्यांच्या ताब्यात. तिथे हवेत रुईची लव उडतच असते. भिंतीवर, पट्ट्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसते. एक ठिणगी पडली की संपलं. त्यामुळे आग या विषयावर नाना चोवीस तास जागे. आमच्या लग्नात सप्तपदी चालू असताना हा माणूस मांडवात स्टूल घेऊन उभा, कशासाठी, तर हॅलोजनचा दिवा झालरीपासून हातभर लांब सरकवायला. व्हिडिओवाला चिडला, "आबा, नवरीच्या तोंडावर अंधार पडतोय." नाना म्हणाले, "पडू दे. नवरी उद्याबी दिसंल." नवरी मीच! माझ्या लग्नाच्या व्हिडिओत सात पावलं आहेत, पण चेहरा तिसऱ्या पावलानंतर गायब आहे. कितीतरी दिवस मी त्यांना यावरून टोमणे मारायचे आणि ते मिशीतल्या मिशीत हसायचे.

सासूबाई गेल्यानंतर नाना धुळ्यात देवपूरच्या घरी एकटेच राहत होते. नणंद दोन गल्ल्या सोडून, ती डबा द्यायची. पण पावसाळ्यात त्यांचा दमा उचल खायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना जळगावला, मेहरूणला घेऊन आलो. खालच्या मजल्यावर माझं पार्लर, वर आम्ही. नानांना वर करमेना. सकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन ते खाली यायचे आणि मागच्या खोलीत, जिथे मी टॉवेल धुते-वाळवते, तिथे स्टुलावर बसायचे.

त्याच पावसाळ्यात मी ते कपडे वाळवायचं मशीन घेतलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टॉवेल गच्चीवर टाकून जिना उतरेपर्यंत पापड होतो, पण पावसाळ्यात चार चार दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास मारतात. कुबट टॉवेल तोंडाला लावला की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. मशीन बसवणारा आला आणि म्हणाला, "मॅडम, गरम हवेचा पाइप बाहेर काढायला भिंतीला भोक पाडावं लागेल." मी म्हटलं, भिंत कशाला फोडता, खिडकी आहे की! आता खान्देशातल्या माणसाला खिडकी म्हणजे काय ते सांगायला नको. खिडकी म्हणजे कूलर. बाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, भोवतीची फट प्लायवूडने बुजवलेली. उन्हाळा संपला की कूलर खाली कोण उतरवतं? वरून जुनी ताडपत्री गुंडाळायची, सुतळी बांधायची, की झालं पुढच्या मार्चपर्यंत. त्या प्लायवूडला भोक पाडून आम्ही पाइप बाहेर काढला. चांदीच्या कागदासारखा, घड्याघड्यांचा पाइप. त्याचं तोंड गेलं थेट ताडपत्रीच्या आत, कूलरच्या वाळलेल्या गवताला टेकून. भिंत वाचवली म्हणून मी स्वतःवरच खूश. व माय, काय ते माझं डोकं!

नानांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. पण मशीनच्या दारातली जाळी काढली की तिच्यावर करड्या लवेचा थर बसलेला असायचा, तो त्यांनी पहिल्याच दिवशी बोटांत चोळून बघितला. "हाई रुई शे, बेटा." मी म्हटलं, "नाना, टॉवेलचा कचरा आहे तो." ते म्हणाले, "टॉवेल कशाचा शे मग?" तेव्हापासून प्रत्येक खेपेला ते जाळी साफ करू लागले. मशीनच्या डोक्यावर तळवा ठेवून बघायचे, ताप बघावा तसा. आणि दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न, "हाई वाफ कोठे जास?" "बाहेर जाते, नाना." "बाहेर म्हणजे कोठे?" मला हसू यायचं, मग कंटाळा यायला लागला, मग चीड. फेशियलला झोपलेल्या बाईच्या कानाशी म्हातारा माणूस पाइपावर टकटक करतोय म्हटल्यावर कुणाला आवडेल?

आणि मग तो दिवस आला. एका नवरीचा मेकअप होता, सोबत सहा जणी. मी टॉवेल घ्यायला मागे गेले तर मशीन बंद आणि टॉवेल ओले गच्च. नानांनी प्लग काढून टाकला होता. म्हणाले, "टॉवेल वाळायला फार वेळ लागस. पाइप कोंडला शे. आधी पाइप बघू." माझं डोकं फिरलं. दार उघडं आहे, बाहेर सगळ्या ऐकताहेत, याचंही भान राहिलं नाही. "नाना, हे माझं पार्लर आहे, तुमची जिनिंग नाही. माझ्या मशीनला परत हात लावायचा नाही." ते एवढंच म्हणाले, "बरं बेटा." दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून एसटीने धुळ्याला निघून गेले. ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "इथे पाऊस जास्त आहे." मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगते, मनातून सुटल्यासारखंच वाटलं.

नाना धुळ्याला गेले आणि जाळीकडे बघणारं कुणी राहिलं नाही. मी आठ-दहा दिवसांत एखाद्या वेळी काढायचे. टॉवेल एका खेपेत वाळेनात, म्हणून मी दोनदा फिरवू लागले. मशीनच रद्दी निघालं असं म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. एका दुपारी माझी मुलगी, मिठी, तेव्हा पाच वर्षांची, अंगात कणकण म्हणून मागच्या खोलीतल्या पलंगावर झोपली होती. मशीन चालू होतं. समोरच्या किराणा दुकानातून दूध आणायला म्हणून मी गेले. गेले काय, दुकानदार काकांशी पाच मिनिटं बोलत उभी राहिले. आणि बोलता बोलता काकांचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी, तुमच्या कूलरमधून धूर निघतोय."

कशी धावले ते आठवत नाही. खोलीत जळक्या गवताचा वास, धूर अजून खिडकीशीच होता, आणि मिठी गाढ झोपलेली… तिला उचलून बाहेर दुकानातल्या काकूंच्या हातात दिलं, मेन स्विच पाडला. काकांनी बाहेरून ताडपत्री ओढून काढली आणि नळी लावली. दहा मिनिटांत सगळं विझलं. काका म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण खरं दृश्य ताडपत्रीखाली होतं. कूलरच्या गवतात करडी लव अशी भरली होती की गादी भरावी. पाइप ओढून काढला तर प्रत्येक घडीत लवच लव, मधून मूठ जाईल एवढीही वाट नाही. आतली ठिणगी गरम हवेच्या फुंकरीने बाहेर आली होती आणि गवत तिची वाट बघत होतं. नाना रोज विचारत होते ना, वाफ कुठे जाते… ती कुठेच जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिठीला घेऊन मी धुळ्याच्या एसटीत बसले. सोबत कॅरीबॅगमध्ये तो पाइप. काय बोलायचं ते पारोळ्यापर्यंत घोकत होते. देवपूरच्या घरी नाना ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मला बघून उठले, मिठीला जवळ घेतलं. मी नुसती ती पिशवी पुढे केली आणि घोकलेलं सगळं विसरले. त्यांनी लव बोटांत चोळली, जळका वास घेतला, आणि मग मिठीच्या डोक्यावरून, हातांवरून, पायांवरून हात फिरवत राहिले. मी तिथेच खाली बसले आणि रडले. म्हटलं, "नाना, मी आई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, सांगितलं होतं ना? त्यांचा तेवढा हक्कही होता. पण त्यांनी पाइप परत पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "माझ्या हातूनबी झालं होतं, सुवर्णा. घरी पाहुणे होते, मला लवकर निघायचं होतं. म्हटलं, यंत्राखालची झाडलोट उद्या करू. उद्या उजाडायच्या आत पेटलं. माझा जोडीदार होता, सुकदेव. त्याचा उजवा हात गेला. मनगटापासून." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तर फिटर होतो. यंत्रं सांभाळायचाच पगार घ्यायचो. तू तर पार्लरवाली. चूक बठ्ठासनी व्हस, सगळ्यांचीच होते, बेटा. ऊठ, मिठीले शेंगा दे."

त्या एका गोष्टीने मला उभं केलं. एवढा जागरूक माणूस चुकला, मग मी कोण? रात्री नीट झोपू लागले ती त्या दिवसापासून. पुढे कधी मनात आलंच, तर मी सुकदेवचा हात आठवायचे आणि स्वतःला सांगायचे, तू एकटी नाहीस.

नाना माझ्यासोबत परत आले आणि मशीनचा ताबा त्यांच्याकडे गेला. भिंत फुटली. घड्यांचा पाइप हद्दपार झाला. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून आतून गुळगुळीत, सरळ, आखूड नळ करवून घेतला. तो स्क्रू मारायला लागला तर नाना त्याच्यावर धावून गेले, "आत टोक निघंल, त्याच्यावर लव अडकंल. चिकटपट्टी लाव, चिकटपट्टी!" बाहेरच्या तोंडाला हवेने उघडणारी झडप. मशीन चाललं की नाना अंगणात जाऊन ती उघडली का ते बघायचे. महिन्याला नळात लांब दांड्याचा ब्रश. मसाजचे तेलकट टॉवेल मशीनमध्ये अजिबात नाहीत. ते दोनदा गरम पाण्यात धुवायचे आणि दोरीवर वाळवायचे, कुबट तर कुबट. "तेलाची चिंधी आपोआप पेटस," म्हणायचे. मी थट्टेने म्हणायचे, "नाना, पाटीवर तुमचंच नाव टाकते." गिऱ्हाइकांनाही त्यांची सवय झाली. दोघीतिघींच्या घरी तसली मशीनं आली, तर त्या नानांना दाखवायला घेऊन गेल्या. नाना इस्त्रीचा सदरा घालून जायचे.

यंदा पाऊस ओसरल्यावर ते धुळ्याला गेले ते कायमचेच. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, आदल्या दिवसापर्यंत दारावर माणसं येत होती. त्या दिवशी दुपारी धोतर-टोपीतले एक उंच म्हातारे आले, ओसरीवर बसले. नणंदेने ओळख करून दिली, "वहिनी, हे नानांच्या जिनिंगमधले. सुकदेवकाका."

मी चहा घेऊन पुढे गेले. नजर खाली, कारण त्या हाताकडे बघायचं धाडस नव्हतं. काकांनी हात पुढे केला आणि कप घेतला. उजव्या हाताने. मग बशीत चहा ओतला, बशी दोन्ही हातांनी उचलली आणि फुंकर मारली. दहाच्या दहा बोटं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, ती आग लागली होती ना जिनिंगला… तेव्हा तुमचा हात…"

"कोनती आग, माय?" त्यांनी बशी खाली ठेवली. "नाना व्हता तवलोंग आमना जिनमा बिडी पेटाडानी कोनी टाप नव्हती. घरी पाहुणा येवोत, नहीतर लगीन ऱ्हावो, झाडलोट करीसनच निघे तो. आग कशी लागी?"

मी आत गेले, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पदर तोंडात धरून रडले, हसले, दोन्ही. उभ्या आयुष्यात एक ठिणगी पडू न दिलेल्या माणसाने, माझी मान वर व्हावी म्हणून, एक अख्खी आग स्वतःच्या नावावर घेतली होती.