मापाड्याचं माप

"लाभे लाभ, लाभे लाभ, लाभे लाभ… दोने दोन, दोने दोन…"

तळोद्याच्या बाजारात सकाळी हा सूर लागला की समजावं, नानांच्या काट्यावर पहिली गोणी चढली. मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाही, हे तुम्हांला ठाऊक असेल. पहिलं माप लाभाचं. त्याला आकडा लावला की बरकत अडते. मग दुसरी गोणी चढेपर्यंत तोच शब्द घोळवत राहायचं, म्हणजे मोजणी चुकत नाही. सगळेच मापाडी असं करतात. पण नानांचा 'लाभ' ऐकायला माणसं खोळंबून उभी राहत. एक तर तो आवाज, आणि दुसरं म्हणजे तो आवाज ज्यातून निघे ते पोट.

मंडळी, मी पुष्कळ पोटं पाहिली आहेत. आता तर एक माझंही आहे. पण तसं पोट पुन्हा झालं नाही. गल्लीच्या वळणावर नाना दिसण्याआधी ते दिसे. मोजलेल्या गोण्यांवर नाना गेरूनं खुणा करत, पहिलीवर 'लाभ', मग २, ३, ४. गेरूचं बोट पुसायला त्यांना फडकं लागत नसे. त्यामुळे बंडीच्या सर्वांत पुढच्या जागी कायमचा एक तांबडा टिळा असे, देवळाच्या कळसाला असावा तसा.

मी तेव्हा बावीस वर्षांचा नवा मास्तर. नाशकाकडचा. नानांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. इथली अहिराणी मला शाळेच्या पोरांनी आणि नानांनी शिकवली. पोरांनी शिव्या शिकवल्या आणि नानांनी एक वाक्य शिकवलं, जे ते दिवसातून चारदा तरी म्हणत. "काटा खोटं बोलत नही, भो. मानसं बोलतस."

हे ते नुसतं म्हणत नसत. सातपुड्यातून पावरा, भिल्ल माणसं चारोळी, डिंक, मध घेऊन उतरत. त्यांतला तोरणमाळचा जामसिंग, मी यायच्या पुष्कळ आधी, एकदा नानांच्या काट्यापुढे बसला होता. घेणाऱ्या व्यापाऱ्याचा गुडघा कसा कोण जाणे, वजनांच्या पारड्याला टेकला. नाना ओरडले नाहीत. त्यांनी फक्त 'लाभे' म्हटलं आणि पुढचा 'लाभ' म्हटलाच नाही. अख्खा बाजार वळून बघायला लागला. त्या शांततेत तो गुडघा हळूहळू आपल्या धन्याकडे परत गेला. मग नानांनी 'लाभ' पुरा केला.

तेव्हापासून जामसिंग दुसऱ्या कुणाच्या काट्याला माल लावीत नसे. वर्षातून दोनदा उतरायचा, नानांच्या ओसरीवर भाकरी खायचा, आणि निघताना न चुकता विचारायचा, "वर कव्हय येशी, नाना?"

नाना पोटावर हात ठेवून सांगत, "येसू रे भो. जराखा हलका व्हवू दे."

ही प्रश्नोत्तरं अठरा वर्षं चालली होती. नाना हलके होत नव्हते, आणि जामसिंगही विचारायचं सोडत नव्हता.

मग एका होळीआधीच्या बाजाराला जामसिंग आलाच नाही. त्याचा मुलगा चारोळी घेऊन आला. म्हणाला, बाबाच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला, आता तो घाट उतरत नाही. "त्यानी इचारेल शे, नाना कव्हय येशी."

पुढच्या गोण्या चढत गेल्या. चौथी गोणी चढली तरी नाना 'लाभे लाभ'च म्हणत होते. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. चाळीस वर्षांत नानांची मोजणी चुकली ती त्या दिवशी.

बाजार उठल्यावर त्यांनी मला हाक मारली. मापाड्यानं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, असा रिवाज. म्हणून एका पारड्यात नाना मांडी घालून बसले आणि दुसऱ्यात मी वजनं चढवत गेलो. ज्या चिंचेला काटा टांगला होता तिची फांदी कण्हली. तीन मणांना दोन शेर कमी भरले.

तोरणमाळला तेव्हा मोटार जात नव्हती. पायथ्यापर्यंत बैलगाडी, पुढे उभा चढ, पायवाटेचा. डोलीवाल्यांनाही विचारून पाहिलं. त्यांच्यातल्या म्होरक्यानं नानांना पुढून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. म्हणाला, माणसं आठ लागतील, आणि वाट चौघांचीच आहे.

"दसऱ्याले वर जासू," नानांनी जाहीर केलं. "पायवर."

झालं. गाव म्हणजे काय, सल्ल्याचं आगर. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर पाककृती यायला लागल्या.

वैद्यबुवांनी सांगितलं, सकाळी कोमट पाण्यात चमचाभर मध. नानांना औषध फार पसंत पडलं. मध जामसिंगच्याच डोंगरातला. पहिल्या आठवड्यात पाण्यात मध होता, तिसऱ्या आठवड्यात मधात पाणी उरलं.

टांगेवाल्या चाचांनी पावशेर हुलगे आणून दिले. "नाना, इसका पानी पिओ. मेरी घोडी यही खाती है. उसकी कमर देखो." हुलग्याचं कढण म्हणजे चरबीचा काळ, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. नानांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ते केलंही छान, लसणाची फोडणी देऊन. नाना त्यात भाकरी कुस्करून खाऊ लागले. चाचा आठवड्यानं चौकशीला आले, पातेलं बघितलं आणि म्हणाले, "घोडीको मैं फोडणी नहीं देता."

मग काकूंनी नियम घातला, जेवणाला दोनच भाकरी. नानांनी मान डोलावली. पहिली भाकरी खाल्ली, "लाभ." दुसरी खाल्ली, "एक." तिसरी खाल्ली, "दोन." आणि हात धुतले.

काकू म्हणाल्या, "बजारमा तं लाभ पाठे दोन येस."

"बजार येगळा, घर येगळं," नाना म्हणाले. "घरमा लाभ मोजतस का कोठे?"

पुढचा अपराध माझा. धुळ्याहून एका स्नेह्यानं मला एक चोपडं पाठवलं होतं. त्यात लिहिलं होतं की विलायतेत मोठमोठे लोक प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून वजन उतरवतात. मी ते मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. नानांना मोजणीचं काम म्हणताच स्फुरण चढलं. पण अडचण अशी की मोजायचं तर मोठ्यानं, नाहीतर ती मोजणी कसली, आणि तोंडात तर घास. म्हणून नाना चावायचे आणि काकू मोजायच्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गल्लीला दुपारी ऐकू येऊ लागलं. "लाभे लाभ, दोने दोन, तिने तीन…" मध्येच दारात कुणी येई, काकू विचारत, "काय व माय?" आणि मोजणी चुके. नाना तोंड गच्च मिटून बोटानं खूण करत, पुन्हा पहिल्यापासून. एक भाकरी संपायला घटका लागे. काकूंचं जेवण तिसऱ्या प्रहरावर गेलं. त्यामुळे आठ दिवसांत काकू वाळल्या. उपाय खोटा नव्हता, माणूस चुकीचा निवडला होता.

आणि मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली. खानदेशातली आखाजी ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू. उपड्या खापरावर भाजलेली, परातीएवढी पुरणपोळी, आणि वाटीत नव्हे, ताटात आमरस. नाना चोपड्याला धरून बसले. पण रसात बुडवलेली ती पोळी चौथ्या चावण्यालाच विरघळते. बत्तीस तर पुरे व्हायला हवेत. म्हणून उरलेल्या अठ्ठावीसांसाठी नाना नवा घास घेऊ लागले. त्या दिवशी नियम एकदाही मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी काट्यावर बसले. मी दोन शेरांचं वजन जास्त चढवलं तेव्हा काटा उभा राहिला. पुरे तीन मण.

मी हसलो. मग पाहिलं तर नाना पारड्यातून उतरत नव्हते. साखळीला धरून डोंगराकडे बघत बसले होते. तळोद्याहून सातपुडा असा समोर दिसतो, निळा, हात लांबवला तर लागेल असा.

"अठरा साल व्हयनात, मास्तर," ते म्हणाले. "तो वरीसमा दोनदाव उतरना. आनि मी एकदाव चढाना नही."

संध्याकाळी काकू माझ्या दाराशी आल्या. "हाऊ मानूस मनमा खची ग्या, मास्तर. काहीतरी करा."

मी केलं. पुढच्या खेपेला नदीतला एक गुळगुळीत दगड, अंदाजे शेराचा, वजनांच्या पारड्यात अंथरलेल्या गोणपाटाखाली सरकवला. काटा उभा राहिला. वर मांडलेली वजनं मी खणखणीत आवाजात मोजून दाखवली. तीन मणांना शेर कमी.

नानांनी वजनांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं शे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला उठवायला आले. "चाला, नदीलोंग फिरी येऊ." त्यानंतर महिन्याला एक दगड, आणि रोज पहाटे नदी. श्रावणात चिखल तुडवत जायचो. भादव्यात नाना मागे वळून मला म्हणायला लागले, "मास्तर, या ना लवकर." चोपडं फळीवर गेलं, हुलगे घोडीकडे परत गेले. दसऱ्यापर्यंत गोणपाटाखाली पाच दगड झाले होते आणि सगळ्या तळोद्यात बातमी होती की नाना उतरले. खरे किती उतरले होते, देव जाणे. पोट तर मला होतं तिथेच दिसत होतं.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर आम्ही निघालो. पायथ्याशी गाडी सोडली. जामसिंगचा मुलगा वाट दाखवायला आला होता. नानांनी चढाकडे मान वर करून पाहिलं, पागोटं घट्ट केलं आणि पहिलं पाऊल टाकलं. "लाभे लाभ."

दुसरं पाऊल. "लाभे लाभ."

मला वाटलं, दम टिकवायला मोजतायत. पण शंभर पावलं झाली तरी नाना 'दोने दोन'वर येईनात. घामानं बंडी भिजली, गेरूचा टिळा ओघळून धोतरापर्यंत आला. खडकावर बसत, पाणी पीत, उठत. "लाभे लाभ."

एका वळणावर मी विचारलं, "नाना, दोन कधी म्हणणार?"

"दोन म्हना का तीन येस," धापा टाकत ते म्हणाले. "तीन पाठे चार. मंग मानूस इचार करस, कितलं ऱ्हायनं." दोन श्वास घेतले. "हाई पहिलंच पाऊल शे. पहिलं पाऊल कोनीबी टाकस."

सकाळी निघालेले आम्ही दिवस कलता वर पोचलो. त्या पोटानं तोरणमाळचा घाट पहिल्याच पावलात चढला.

जामसिंग अंगणात खाटेवर उन्हात बसला होता. मुलानं मला खूण केली, बोलू नका. नाना पुढे जाऊन उभे राहिले. त्यांना तर बोलायला श्वासच नव्हता. जामसिंगनं पावलांच्या रोखानं तोंड वळवलं, हात पुढे केला. तो हात नेमका टिळ्याच्या जागी टेकला. तिथेच थांबला. मग म्हातारा उठला आणि दोन्ही हातांनी नानांना कवेत घेऊ लागला. हात पाठीमागे एकमेकांना सापडेनात.

"हात पुरत नहीत," तो म्हणाला. "नाना उना."

घरातली सगळी माणसं बाहेर आली. जामसिंग पोटावर थापा मारत हसत होता. "बारीक व्हयना ऱ्हाता, ते मी वळखता कसा?" नाना रडत होते की घाम पुसत होते, ते मी बघितलं नाही. मी समोरच्या तळ्याकडे बघत होतो.

आम्ही आठ दिवस राहिलो. मक्याच्या भाकरी, उडदाची डाळ आणि मध, बिनपाण्याचा. कुणीही काही मोजलं नाही.

उतरताना एका खडकावर नाना टेकले. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मास्तर, त्या पाच दगड नदीमाईनच शेतस ना?"

"तुम्हांला कधी कळलं?"

"पहिलाच दिन. साखळी येगळी वाजनी. चाळीस साल काटा धरस मी."

"मग बोलला का नाहीत?"

नानांनी पोटावर हात ठेवला. "काटा खोटं बोलना नही, भो. मानूस बोलना. पन तो मानूस माले वर धाडाकरता बोलना." मग उठले. "चाला. उतारले मोजनं पडत नही."

त्यानंतर दर दसऱ्याला नाना वर जात. पाच वेळा गेले. दरवेळी जामसिंग हात घालून बघे, आणि हात पुरले नाहीत की हसे. मग एका पौषात नाना गेले. माझी बदली तोवर शहाद्याला झाली होती. बातमी कळली आणि मी गेलो. चिंचेखाली नवा मापाडी मोजत होता. चांगला माणूस, आवाज बरा. पण त्याच्या 'लाभा'ला कुणी थांबत नव्हतं.

निघताना काकूंनी फडक्यात बांधलेलं एक जड गाठोडं हातात दिलं. "तुमना शेतस. त्यासनी संभाळी ठेयेल व्हतात."

माझे पाचही दगड आज माझ्या टेबलावर असतात, पोरांच्या परीक्षेचे कागद उडू नयेत म्हणून. नानांनी त्यांच्यावर गेरूनं खुणा केल्या आहेत. पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा, सगळ्यांवर आकडे आहेत. मी खोटेपणानं सरकवलेल्या त्या पहिल्या दगडावर आकडा नाही. तिथे लिहिलंय, 'लाभ'.